नागपूरला परतायचंय? एकदा भर उन्हाळ्यात राहून बघा

टोरांटोहून पत्र लिहिणाऱ्या ताई, प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळच देते. यजमान नागपूरचे, तुम्ही पुण्याच्या, सासू-सासरे प्रतापनगरात दोघंच, मुलं सातवीत आणि चौथीत. नागपूरला परतावं का? परता. पण हा विचार तुम्ही डिसेंबरातल्या सुट्टीच्या भरवशावर पक्का केलाय, तेवढंच मला खटकतं.

डिसेंबरातलं नागपूर कोणालाही भुरळ घालतं. सकाळी अंगात स्वेटर, गच्चीवर ऊन खात बसायचं, अंबिया बहाराची संत्री बाजारात उतरलेली, घरात एखादं लग्न, संध्याकाळी मुलांना फुटाळा तलावावर फिरवून आणायचं. त्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. वर्षातलं एक तरी अधिवेशन नागपुरात घ्यायचं हे १९५३च्या नागपूर करारातच ठरलेलं आहे. मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात खरे, पण त्याआधी खड्डे बुजवले जातात आणि दुभाजकांना रंग लागतो. म्हणजे मंत्र्यांसाठी नटवलेलं शहर तुम्ही फुकटात बघून गेलात. मुलांचं तर विचारूच नका. तिकडच्या शाळांना जूनअखेर सुट्टी लागते, त्यामुळे त्यांनी हे गाव एक तर थंडीत पाहिलं, नाही तर पावसात.

आता मे महिन्याचं सांगते. पारा ४५ अंशांच्या आसपास असणं ही इथे बातमी नसते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि तेव्हा पारा त्याहूनही वर जातो. भर दुपारी बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या मुख्य बाजाराच्या, रस्त्यांवरही माणसं तुरळक दिसतात. मुली दुपट्ट्याने डोळे तेवढे मोकळे ठेवून सगळं तोंड बांधतात आणि गाडीला किक मारतात. नागपूरकरांनी आपला दिवसच त्याभोवती बसवलाय. बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत, दुपारी पडदे ओढून अंधार करून पडायचं, बाजारहाट दिवेलागणीनंतर. तुम्ही जानेवारीत तिकडे जसं घर धरून बसता, तसंच हे.

हवा कोरडी असते तोवर कूलर उत्तम चालतो. खिडकीला लोखंडी कूलर, त्याला वाळ्याच्या ताट्या, टाकीत नळीने पाणी सोडायचं. पहिल्या दिवशी सगळं घर वाळ्याच्या वासाने भरून जातं. मार्चमध्ये माळ्यावरून कूलर काढणं, पंप तपासणं, गंजलेल्या तळाला रंग मारणं हा घरोघरचा सोहळाच असतो, आणि घरातल्या पुरुषांना त्यात विनाकारण फार महत्त्व मिळतं. पण पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि तोच कूलर घरभर चिकचिक करून ठेवतो. तेव्हा एसी लागतोच. दोन्हींची तयारी ठेवा, आणि उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलाचीही. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेला बेडरूम असलेला फ्लॅट कितीही स्वस्त मिळाला तरी नको म्हणा. मध्यरात्री त्या भिंतीला हात लावलात तर का ते कळेल.

म्हणून माझं म्हणणं असं की एका वर्षी मुलांची शाळा थोडी बुडवा, पण मेमध्ये पंधरा दिवस इथे येऊन राहा. पाहुण्यांसारखं नाही. दुपारी बँकेत जा, मुलांना एखाद्या शिबिरात घाला, सासऱ्यांना दवाखान्यात दाखवून आणा. त्या पंधरा दिवसांत चिडचिड झाली तर ती खरी, आणि निभावलं तर तेही खरं.

दवाखान्याचं निघालंच आहे तर ही नागपूरची सगळ्यात जमेची बाजू. धंतोली-रामदासपेठेत एकेका गल्लीत दोन-दोन रुग्णालयं आहेत. छत्तीसगड-मध्य प्रदेशातून लोक इथे उपचाराला येतात. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं जुनीच. आता विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक पट्ट्यात एम्स आहे, जामठ्याला कॅन्सरचं मोठं रुग्णालय आहे. प्रतापनगरातून यातल्या बहुतेक ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांसाठी यापरतं काय हवं? धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही एवढी एकच रड, रिक्षाने जा.

घराबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण बाहेरून आलेली माणसं इथेच फसतात. नागपुरात घर बघायला गेलात की आतल्या मॉड्युलर किचनआधी फाटक बघा. फाटकातून आत जाताना पायरी चढता की उतरता? वस्त्यांमधले डांबरी रस्ते जाऊन सिमेंटचे झाले आणि कित्येक गल्ल्यांत रस्ता वर गेला, घर खाली राहिलं. मग पहिल्या जोरदार सरीला रस्त्यावरचं पाणी अंगणात. शेजारच्या घरांच्या भिंतींवर फूटभर उंचीवर ओलीचा पट्टा दिसला तर दलालाचं बोलणं तिथेच थांबवा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या चांगल्या, महागड्या वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरलं. नाग नदीला आपण नाला म्हणत आलो, पण पाऊस आला की ती नदीच असते. घराचा भाव विचारण्याआधी समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं. तो हात करून दाखवेल.

कागदांचंही इथलं गणित वेगळं आहे. नागपूर सुधार प्रन्यास ही शहरविकासाची सरकारी संस्था १९३०च्या दशकापासून इथे ले-आउट पाडत आली, शिवाय गुंठेवारीतून, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकल्यातून, वसलेल्या वस्त्या आहेत. अशा वस्तीत प्लॉट किंवा घर घ्यायचं असेल तर नियमितीकरणाचं पत्र मागा. इथे सगळे त्याला ‘आरएल’ म्हणतात. जुन्या वस्त्यांत जमीन नझूलची म्हणजे सरकारी, किंवा प्रन्यासची, लीजवर असू शकते. लीजची किती वर्षं उरली, नूतनीकरण झालं का, विक्रीला परवानगी लागते का, हे वकिलाकडून लेखी घ्या. नुसतं ‘सगळं क्लिअर आहे’ याला काही अर्थ नाही.

तुमच्या दिरांनी सुचवलेला उमरेड रोडचा ‘फार्महाऊस प्लॉट’ मात्र विसरा. तुमच्याकडे आता कॅनडाचे पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डं आहेत. ओसीआयधारकाला भारतात घर घेता येतं, पण शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलं तर गोष्ट वेगळी. दिरांच्या नावावर घेऊन ठेवण्यात कायद्याचीही भानगड आहे आणि घरातलीही. पैसे तुमचे, नाव त्यांचं, आणि वीस वर्षांनी बोलणार पुतणे. आणखी एक, तिकडून कुलमुखत्यारपत्र करून पाठवलंत तर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायला सांगा. लोक ते कपाटात ठेवतात आणि ऐन नोंदणीच्या वेळी धावपळ करतात.

नोकरीची बाजू लंगडी आहे, ती लपवून काय उपयोग? मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, पण पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवाला शोभेल अशा जागा पुण्या-हैदराबादच्या मानाने फार थोड्या. यजमानांची कंपनी भारतातून काम करू द्यायला तयार आहे म्हणता, ते लेखी आहे का? पगार कुठल्या चलनात, कर कुठे, हे ठरल्याशिवाय टोरांटोतलं घर विकू नका. तुमचं काय, हा प्रश्न पत्रात कुठेच नाही. पुण्यात तुम्हाला सहज काम मिळालं असतं. इथे शोधावं लागेल. हे आत्ताच दोघांनी बसून बोला, नाही तर तिसऱ्या वर्षी भांडणात निघेल.

मोठ्याच्या शिक्षणाला उशीर करू नका. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच झालेल्या लागतात, आणि ओसीआय मुलांसाठी प्रवेशाचे नियम २०२१मध्ये बदललेत. ते वाचल्याशिवाय कोणत्याही क्लासवाल्याच्या आश्वासनावर जाऊ नका. बाकी शाळा इथे पुरेशा आहेत. शाळेत आणि मैदानावर मुलं पहिल्यांदा हिंदीच उचलतील. १९५६ पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे बाजारात हिंदी सर्रास चालते. पुण्याच्या माणसाला ते खुपतं. तुम्ही मराठीतच बोला, समोरचा बहुधा लगेच मराठीत येतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, त्यांच्या हातात लाकडी बैल द्या आणि मारबत ही पुतळ्यांची मिरवणूक बघायला जुन्या नागपुरात न्या. मग घरी बसून मराठीची वेगळी शिकवणी घ्यावी लागणार नाही.

पुण्याच्या आई-बाबांची काळजी रास्त आहे. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली आहे, पण तिलाही दिवसाचे बारा तास लागतात. समृद्धी महामार्ग आता मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला, तरी पुण्याला त्याचा फायदा अर्धाच. त्यांना रात्री-बेरात्री गरज पडली तर विमान हाच उपाय, त्याचे पैसे दरमहा बाजूला टाका.

राहता राहिला तुमचा शेवटचा, खालच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेला प्रश्न: सासू-सासऱ्यांसोबत राहायचं की वेगळं? पहिलं वर्ष वेगळं. त्रिमूर्तीनगर, खामला, जिथे भाड्याने चांगलं मिळेल तिथे, पण सासऱ्यांच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. रात्रीचं जेवण एकत्र करा, झोपायला आपापल्या घरी जा. सासूबाईंना वाईट वाटेल, दोन-चार नातेवाईक बोलतील. ते यजमानांनी निस्तरायचं, तुम्ही नाही. तिकडून निघण्याआधी हे त्यांनीच स्वतः फोनवर आईला सांगावं.