गाइडची रायफल किती हलकी असावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आफ्रिकेत धोकादायक जनावरांच्या कायदेशीर शिकारीत पाहुण्या शिकाऱ्याबरोबर परवानाधारक व्यावसायिक शिकारी, म्हणजे गाइड, चालतो. त्याच्या रायफलीविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. काही टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मराठी वाचकांची आहेत, काही महाराष्ट्रातली. पत्रे लांब होती, इथे प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

उत्तरांआधी एक सांगतो. पाहुण्याची रायफल आणि गाइडची रायफल यांची कामे निराळी आहेत. पाहुणा शांत उभ्या जनावरावर, काठ्यांच्या तिवईवर नळी टेकवून, सवडीने पहिली गोळी झाडतो. गाइडची रायफल बहुतेक दिवशी एकही गोळी न झाडता संध्याकाळी तळावर परत येते. ती वाजते तेव्हा जनावर जायबंदी असते, दाट झाडीत असते आणि पुष्कळदा अंगावर येत असते.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, सध्या दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपोमध्ये गाइडचे प्रशिक्षण घेतो आहे. दिवसभर माग काढताना रायफल हातात धरून हात भरून येतात. सर, हलकी म्हणजे नेमकी किती हलकी घ्यावी?

दुर्बीण आणि काडतुसे सोडून ३.६ ते ४.१ किलो. .३७५ साठी (हे आकडे गोळीची साधारण जाडी इंचांत सांगतात) या पट्ट्याच्या खालच्या टोकाला जा, .४१६ किंवा .४५८ घेणार असाल तर वरच्या टोकाला राहा.

हलकेपणाची मागणी करण्यात कसलाही कमीपणा नाही. .४७० ची दुनळी ५ किलोच्या आसपास भरते. सकाळी सहाला रानरेड्यांचा माग धरला आणि दुपारी दोनपर्यंत उन्हात चाललात, की ती पट्ट्याने खांद्यावर जाते, नाहीतर माग काढणाऱ्या सोबत्याच्या हातात. जायबंदी रेडा सुरुवातीला अडखळतो, पण एकदा वेग घेतला की ताशी ५० किलोमीटरच्या आसपास धावतो. म्हणजे २० मीटर अंतर जेमतेम दीड सेकंदात. खांद्यावरची रायफल उतरवायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून जी रायफल तुम्ही शेवटच्या तासालाही दोन्ही हातांत धरून चालता, तीच कामाची.

मात्र ३.६ किलोच्या खाली उतरू नका. कागदावर हिशोब मांडला तर ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅम वजनाची) गोळी झाडणारी .३७५ हॉलंड अँड हॉलंड (एच अँड एच) ४.५ किलो वजनाला साधारण ४६ ज्यूलचा धक्का देते. तीच ३.६ किलोची केली तर धक्का ५८ ज्यूलपर्यंत चढतो. तुलनेसाठी, नेहमीच्या .३०८ चा धक्का २४ ज्यूलच्या आसपास असतो. सहन करण्यापलीकडेही एक प्रश्न आहे. धक्क्याने नळी जितकी वर उडते तितकी दुसरी गोळी उशिरा सुटते, आणि गाइडचे काम पुष्कळदा दुसऱ्या गोळीवर येते. शिवाय पुढून फारच हलकी रायफल धाप लागलेल्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही.

वजन कमी करायचे तर नळीच्या लांबीत करा. २४ इंचांऐवजी २२ किंवा २० इंच घेतल्याने वेग सेकंदाला फार तर ३० मीटरने घटतो, दहा पावलांवर त्याने काही बिघडत नाही. लांबी कमी झाल्याने काटेरी झुडपांत वळणेही सोपे जाते. दस्ता फायबरग्लासचा घ्या. उन्हापावसात तो फुगत नाही, आक्रसत नाही. थरांच्या लाकडाचा दस्ताही टिकाऊ, पण जरा जड. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक मात्र मुळीच लावू नका. त्याचा आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो, आणि तुमच्या शेजारी माग काढणारे आणि पाहुणे उघड्या कानांनी उभे असतात. त्यांचे कान कायमचे जाऊ शकतात.

प्रश्न : टांझानियातल्या अरुशाहून लिहितो आहे. .३७५ पुरेशी आहे का? इथले जुने लोक म्हणतात, .४५८ शिवाय गाइडने निघूच नये.

टांझानियात धोकादायक जनावरांसाठी .३७५ ही कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा आहे. झिंबाब्वेत हत्ती, रानरेडा आणि पाणघोड्यासाठी गोळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान ५.३ किलोज्यूल लागते. .३७५ एच अँड एच १९१२ मधली आहे. तिची ३०० ग्रेनची गोळी सुमारे ५.६ किलोज्यूल देते, म्हणजे मर्यादेच्या थोडीच वर. पाहुण्यासाठी ती उत्तम. गाइडसाठी, नेम पक्का असेल तर, पुरेशी.

जुन्या लोकांचे म्हणणे मात्र अनुभवातून आलेले आहे. मेंदूवरचा नेम चुकला तर जाड, जड गोळी जनावराला जास्त हादरवते, कधी वळवते, कधी गुडघ्यावर आणते. .४५८ विंचेस्टर १९५६ मध्ये आली. आखूड काडतुसात बारूद दाबून भरल्यामुळे सुरुवातीच्या काळात तिचा वेग पुरेसा भरत नसे, आणि त्यातून तिचे नाव खराब झाले. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याने जखमी केलेल्या जॅक लॉट यांनी पुढे लांब काडतुसाची .४५८ लॉट तयार केली. ५०० ग्रेनची गोळी, सेकंदाला ७०० मीटर. अडीनडीला लॉटच्या रायफलीत विंचेस्टरचे काडतूसही चालते, आणि दूरच्या तळावर ही सोय मोठी आहे. पण ४.१ किलोच्या लॉटचा धक्का १०० ज्यूलच्या घरात जातो. आठवड्याला सराव करणाऱ्या, अंगाने भक्कम माणसाचे ते काम आहे.

हलक्या रायफलीत मला .४१६ रेमिंग्टन सर्वांत जमून आलेली वाटते. ४०० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे ७३० मीटर, ऊर्जा ७ किलोज्यूलच्या जवळ. १९११ ची .४१६ रिग्बी हेच काम करते, पण कॉर्डाइट बारूद उष्ण प्रदेशात फार दाब निर्माण करू नये म्हणून तिचे काडतूस मुद्दाम मोठे ठेवले होते. त्यामुळे रायफलही मोठी होते. रेमिंग्टनचे काडतूस सडपातळ, त्यामुळे रायफल आटोपशीर. नेहमीच्या गाइडला मी हीच सुचवेन, नवशिक्याला .३७५.

प्रश्न : हत्तींचा जुना शिकारी कॅरामोजो बेल याने ७ मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले आणि जिम कॉर्बेट .२७५ घेऊन नरभक्षकांमागे फिरले. मग आजच्या गाइडला एवढी तोफ कशाला? (नाशिक)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि .२७५ रिग्बी म्हणजे तेच ७ मिलिमीटर माउझरचे काडतूस. बेल यांनी हत्तींच्या कवट्या उभ्या कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा अभ्यास केला होता. त्यांच्यासमोरचे हत्ती बहुधा बेसावध असत. कोन जुळेपर्यंत ते थांबत, न जुळल्यास सोडून देत. पहिली गोळीही त्यांचीच, क्षणही त्यांनीच निवडलेला.

गाइडला हा क्षण निवडता येत नाही. पाहुण्याची गोळी पोटात लागलेली असते आणि जनावर कुठून येणार ते जनावर ठरवते. कॉर्बेट यांना ती रायफल १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्यावर भेट मिळाली. मोठ्या कामासाठी त्यांच्याकडे .४५०/४०० ची दुनळीही होती. शिवाय वाघ साधारण २०० किलोचा, पातळ कातडीचा. आफ्रिकी रानरेड्याचा नर ६०० ते ८०० किलोचा, आणि त्याच्या हाडा-स्नायूंतून आत पोचणारी गोळी लागते. दोघांचे कौशल्य निर्विवाद आहे. त्यांच्या रायफली गाइडच्या कामाला लागू होत नाहीत, एवढेच.

प्रश्न : बोल्ट रायफल (हाताने दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरण्याची) घ्यायची ठरवली आहे. जुन्या बाजारात बऱ्याच मिळतात. विश्वासार्ह कोणती हे दुकानात कसे ओळखू? (जोहान्सबर्ग)

सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला.

आधी रचना बघा. माउझर ९८ च्या पद्धतीत मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड लांब पोलादी पंजा लगेच पकडतो. बोल्ट अर्धा ढकलून भीतीने मागे ओढला तरी काडतूस पंजासोबत बाहेर येते. ज्या रायफलीत बोल्ट काडतूस नुसते पुढे ढकलतो, तिथे ते नळीत सुटे पडून राहते, पुढच्या झटक्याला दुसरे काडतूस त्याच्यावर आदळते आणि रायफल अडकते. शांत माणूस ही चूक करत नाही, पण रेडा समोर असताना माणूस शांत नसतो. माउझर ९८, रुगर हॉकाय, सीझेड ५५० आणि विंचेस्टर मॉडेल ७० या पंजाच्या रायफली. मॉडेल ७० घेताना साल तपासा. १९६४ नंतर पुष्कळ वर्षे ती ढकलणाऱ्या पद्धतीने बनत होती.

.३७५ रुगर हे २००७ चे काडतूस नेहमीच्या लांबीच्या बोल्टमध्ये बसते, म्हणून त्या रायफली हलक्या आणि आखूड होतात. अलास्कातल्या अस्वलांच्या गाइडसाठी ती चांगली निवड आहे. आफ्रिकेत मात्र काडतुसांची पेटी विमानतळावर हरवली तर .३७५ एच अँड एच मिळण्याचा संभव कितीतरी जास्त.

आता हाताने तपासणी. ती दुकानात डमी (बारूद नसलेल्या) काडतुसांनीच करा. मॅगझिन पूर्ण भरा आणि बोल्ट जोरात चालवा, मग अगदी हळू, मग रायफल आडवी आणि उलटी धरून. एकदाही अडखळली तर विक्रेत्याला धन्यवाद देऊन बाहेर पडा. मग फायरिंग रेंजवर खरी काडतुसे भरून झाडा, नरम टोकाची आणि घट्ट सॉलिड (आत शिरताना न पसरणारी), दोन्ही. सपाट टोकाची सॉलिड गोळी काही रायफलींत नळीकडे नेणाऱ्या चढावर (रॅम्पवर) अडते. मॅगझिनचे खालचे झाकण धक्क्याने उघडते का, ते बघा. उघडले की सारी काडतुसे पायाशी पडतात. दोन-तीन दुरुस्त्या करून काम भागते, पण त्या जाणत्या बंदूकदुरुस्ताकडून करून घ्या आणि नंतर पन्नासेक फैरी स्वतः झाडा.

पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावर नको, नळीवरच्या पट्टीला हवी, नाहीतर धक्क्यात पुढचा हात फुटतो. सेफ्टी तीन टप्प्यांची असेल तर उत्तम, मधल्या टप्प्यावर चाप बंद राहतो आणि बोल्ट मात्र उघडता येतो.

प्रश्न : अशी रायफल पुण्यात परवान्यावर घेऊन रानात वापरता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात शिकार बंद आहे. आफ्रिकेत जाणार असाल तर बहुतेक आयोजक तिथलीच रायफल भाड्याने देतात, तीच वापरा.

प्रश्न : नेम धरायला दुर्बीण की उघडी माशी?

गाइडसाठी उघडी, म्हणजे मागे रुंद उथळ व्ही आकाराची खाच आणि नळीच्या टोकाला मोठी पांढरी माशी. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उजेडात डोळे कमकुवत असतील तर एक ते चार पटींची दुर्बीण, हाताने पटकन निघणाऱ्या कड्यांवर. झाडीत शिरण्याआधी एकपट करायला विसरू नका. डोळ्यापासून अंतर किमान नऊ सेंटिमीटर असू द्या, नाहीतर भुवई फुटते.

प्रश्न : मी ५४ किलोची आहे. प्रशिक्षणात .३७५ ची तिसरी फैर झाडताना डोळे मिटतात आणि चाप झटक्याने ओढला जातो. हे काम मला जमणार नाही असे सगळे सांगतात. (दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाजवळचे एक प्रशिक्षण केंद्र)

त्यांचे ऐकू नका. डोळे मिटण्याचा तुमच्या वजनाशी फारसा संबंध नाही, ते चुकीच्या सरावामुळे होते. बाकावर बसून किंवा पालथे पडून मोठी रायफल झाडायला लावली असेल, तर सगळा धक्का खांद्यात मुरतो. उभ्याने झाडा, एक पाय पुढे, अंग किंचित पुढे कललेले. तेव्हा शरीर धक्क्यासोबत मागे जाते.

दस्त्याची लांबी मोजून घ्या. बाजारातली रायफल उंच पुरुषाच्या मापाने बनते. तुमच्यासाठी ती दोन-अडीच सेंटिमीटर कापून जाड रबरी गादी बसवली की निम्मी तक्रार मिटेल. एका दिवशी पूर्ण भाराची सहा-आठच काडतुसे झाडा. बाकी सराव कमी भाराच्या काडतुसांनी आणि घरी डमीने. सोबत्याला सांगा, मॅगझिनमध्ये तुम्हाला न दाखवता खरी आणि डमी काडतुसे मिसळून भर. डमीवर चाप ओढताना नळीचे तोंड हलले, की दचकणे समजते आणि आठवडाभरात कमीही होते. खिशातून काडतूस काढून, जनावराच्या दिशेवरची नजर न हलवता मॅगझिनमध्ये भरण्याचा सराव रोज रात्री करा. तुमच्या परीक्षेत तो विचारतील.