टेरेसवर ८० पानं आणि जिना एकच

प्रश्न : आमची कोल्हापुरात राजारामपुरीत चार मजल्यांची सोसायटी आहे. ३१ डिसेंबरला टेरेसवर ८० जणांचा तांबडा-पांढरा ठरलाय. मांडव आणि आचारी सांगून झालाय. जिना एकच, तीन-सव्वातीन फुटांचा. दाराला कुलूप असतं, किल्ली वॉचमनकडे. एका सभासदांनी आगीचं कारण काढून हरकत घेतली आहे. पण उघड्या टेरेसवर कसली आलीय आगीची भीती?
– एक सेक्रेटरी, राजारामपुरी

उत्तर : ताई, त्या सभासदांचं ऐका. अग्निशमन दलात माझी तीस वर्षं गेली. टेरेसवर मोकळी हवा असते, तेवढ्यावर माणूस निर्धास्त होतो आणि उतरायला वाट किती आहे हे कुणी बघत नाही.

एका बारशाच्या जेवणाचा कॉल अजून डोळ्यासमोर आहे. आचाऱ्याने भट्टी जिन्याच्या दारालाच लागून मांडली होती. सिलिंडर लांब न्यायला नको आणि भिंतीमुळे वारा लागत नाही, म्हणून सगळे आचारी तीच जागा धरतात. नळीने पेट घेतला. जाळ दाराच्या तोंडाशी आणि माणसं पलीकडच्या कठड्याला खेटून उभी. आम्ही खालून जिना चढलो तर वरच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग. सगळ्यांनी दाराशीच चपला काढलेल्या. बूट घातलेला माझा जवान त्यात दोनदा घसरला. अंधारात म्हाताऱ्या माणसांना तिथून उतरवायचं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. सगळी वाचली, पण त्या दाराच्या रंगाला आलेले फोड मी विसरलेलो नाही.

मुंबईत कमला मिलच्या छतावरच्या हॉटेलांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. कित्येकांनी वाट न सापडल्याने स्वच्छतागृहाचा आसरा घेतला होता. तेही छतच होतं.

आता नियमाचं. राष्ट्रीय इमारत संहिता ५० किंवा जास्त माणसं जमतात त्या जागेला सभागृहासारखं धरते. राहत्या इमारतीत माणशी साडेबारा चौरस मीटर जागा धरून माणसांचा हिशेब होतो, जेवणाच्या जागेत त्याहून कितीतरी कमी. म्हणजे तुमचा जिना घरांच्या हिशेबाने बांधलाय आणि त्या रात्री त्यावर पंगतीचा भार येणार. अशा गर्दीच्या जागेला दोन जिने लागतात, तेही तुमच्यापेक्षा रुंद. एका रात्रीसाठी जिना रुंद होणार नाही, तेव्हा माणसं कमी करा. ४०-४० च्या दोन पंगती करा. पहिली पूर्ण उतरल्याशिवाय दुसरी वर सोडू नका. जेवण खाली पार्किंगमध्ये करता आलं तर उत्तमच.

वरच करायचं असेल तर भट्टी दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, मांडवाच्या कापडाबाहेर. चपला खालच्या मजल्यावर. कुलूप काढून ते सेक्रेटरीच्या घरात ठेवा, कडीला नुसतं अडकवून नको, कुणीतरी सवयीने लावतं. जिन्यातल्या सायकली, कुंड्या, जुनं कपाट त्याआधीच हलवा. कायमचा उपाय म्हणजे टेरेसकडून ढकललं की किल्लीशिवाय उघडणारं दार. ते उतरण्याच्या दिशेने उघडलं पाहिजे, पण पायऱ्यांवर न येता जिन्याच्या सपाट चौकात.

आणि इमारतीत अग्निशमन यंत्रणा असेल तर २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं कधी दिलंय, तेवढं बघा.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आम्ही टेरेसवर जाऊन वाचलो. आग लागली तरी वरच जावं ना?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही. पुराचं पाणी चढायला वेळ घेतं, धूर जिन्याच्या नळकांड्यातून काही मिनिटांत टेरेसच्या दारापर्यंत पोचतो आणि दार बंद असेल तर तिथेच कोंडतो. जिना स्वच्छ असेल तर खाली उतरा, लिफ्टने नको. जिन्यात धूर दिसला तर घरात परत या, दार लावा, फटीत ओली चादर कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहा आणि १०१ ला मजला सांगा. मजला सांगायला लोक विसरतात, आणि आम्ही प्रत्येक दार ठोकत वर येतो.