'स्टार्टिंग कर्नल' नंतरची शांतता : आधी बोर्डाला बोलतं करा

तुमची अडचण थोडक्यात अशी. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) एएम३३५एक्स चिपवर बेतलेला तुमचा स्वतःचा बोर्ड लिनक्सच्या ४.१९ कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) व्यवस्थित चालत होता. ६.१ टाकल्यापासून यू-बूट (कर्नल चढवणारा बूटलोडर) 'स्टार्टिंग कर्नल' एवढं छापतो आणि पुढे सिरीयल पोर्टवर एक अक्षर येत नाही. दोन दिवसांत तुम्ही कॉन्फिगमधले पंधरा-वीस पर्याय बदललेत, कंपायलर बदललात, डीडीआरचं (रॅमचं) टायमिंगही हलवलंत.

ते सगळे बदल आधी परत घ्या. डीडीआरला तर हातही लावू नका, त्याच मेमरीवर जुना कर्नल चालतोय. सध्या तुम्हाला कर्नल कुठे मरतो हेच ठाऊक नाही, मुळात मरतो की नाही हेसुद्धा नाही. त्याचा आवाज परत मिळेपर्यंत केलेला प्रत्येक बदल म्हणजे अंधारात मारलेला दगड.

सर्वात स्वस्त शक्यता पहिल्यांदा तपासा. सिरीयल पोर्टचा जुना ड्रायव्हर कन्सोलला (कर्नलचे संदेश जिथे छापले जातात त्या पोर्टला) 'टीटीवायओ०' म्हणायचा (मधलं अक्षर इंग्रजी ओ, शेवटी शून्य), तर ८२५० वर आधारलेला नवा ड्रायव्हर त्याच पोर्टला 'टीटीवायएस०' म्हणतो. बूटआर्ग्जमध्ये (यू-बूट कर्नलला देतो त्या पर्यायांत) जुनं नाव राहिलं आणि कॉन्फिगमध्ये नाव जुळवून घेणारा पर्याय नसला, तर कर्नल पूर्ण बूट होऊनही तुम्हाला काहीच दिसणार नाही. नेटवर्कची केबल लावून पिंग करून बघा. मेलाय म्हणून ज्याच्यामागे लोक आठवडाभर लागले होते, असे जिवंत बोर्ड मी पाहिलेत.

पिंग आला नाही तर पुढचा उपाय लॉग बफर वाचण्याचा. हा मला फार प्रिय आहे, कारण त्यासाठी कर्नल पुन्हा बांधावा (कंपाइल करावा) लागत नाही. प्रिंटके, म्हणजे कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन, जे लिहितं ते आधी रॅममधल्या बफरमध्ये जातं, कन्सोलवर नंतर. म्हणजे कन्सोल मुका असला तरी मजकूर मेमरीत पडलेला असतो. कर्नलसोबत तयार होणाऱ्या 'सिस्टम.मॅप' फायलीत '__लॉग_बफ' या चिन्हाचा पत्ता शोधा. समजा तो सी११०४००० निघाला. तो आभासी पत्ता झाला. एएम३३५एक्सची रॅम ८००००००० पासून सुरू होते आणि कर्नलची आभासी जागा बहुधा सी००००००० पासून, म्हणून भौतिक पत्ता ८११०४०००. आता बोर्ड अडकू द्या, वीज न तोडता रीसेटचं बटण दाबा, ऑटोबूट थांबवा आणि यू-बूटच्या 'एमडी.बी' आज्ञेने तिथून १०००० हेक्स, म्हणजे ६४ किलोबाइट, वाचा. डीडीआरमधला मजकूर अशा रीसेटमध्ये बहुतेक वेळा टिकतो. तुमची चिप एकाच कोरची असल्याने बफर दुसरीकडे हलण्याची शक्यताही कमी, फक्त बूटआर्ग्जमध्ये बफरचा आकार ठरवणारा 'लॉग_बफ_लेन' दिलेला नसावा.

एक सावधगिरी मात्र हवी. शेवटच्या काही ओळी कॅशमध्येच राहून रीसेटबरोबर पुसल्या गेलेल्या असू शकतात. म्हणून मेमरीत सापडलेली शेवटची ओळ म्हणजे मृत्यूची जागा असं धरू नका. तिथपर्यंत कर्नल नक्की पोचला, इतकंच ती सांगते. पण 'बूटिंग लिनक्स ऑन फिजिकल सीपीयू' ही ओळ दिसली तरी खूप मिळालं : डीकंप्रेशन झालं, एमएमयू (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांत बदलणारा भाग) चालू झाला आणि सी भाषेतला कोड धावू लागला.

लॉग मिळाला तर बूटआर्ग्जमध्ये 'अर्लीकॉन=ओमॅप८२५०,०एक्स४४ई०९०००' घाला (हा यूएआर्ट० चा, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टचा पत्ता, तुमचा कन्सोल दुसऱ्या पोर्टवर असेल तर तो बदला) आणि जोडीला 'इग्नोर_लॉगलेव्हल' व 'कीप_बूटकॉन' द्या. तिसरा पर्याय लोक विसरतात. खरा कन्सोल नोंदला गेला की कर्नल सुरुवातीचा कन्सोल काढून टाकतो, आणि तुमचा क्रॅश नेमका त्या अदलाबदलीच्या वेळचा असेल तर पुन्हा शांतता.

लॉगमध्ये काहीच नसेल, तर कर्नल बहुधा सी कोडपर्यंत पोचलेलाच नाही. मग 'डीबग_एलएल' (अगदी सुरुवातीपासून थेट सिरीयलवर छापणारा कॉन्फिगमधला पर्याय) चालू करून कर्नल नव्याने बांधावा लागेल. यात यूएआर्टचा पत्ता कंपाइल करतानाच कोरला जातो. तो चुकला तर हा मदतनीसच कर्नलला मारतो आणि तुम्ही भलत्या क्रॅशच्या मागे लागता. म्हणून हाच पर्याय चालू करून जुना ४.१९ आधी बांधा आणि तो बोलतो का बघा. तो बोलला की नव्यावर विश्वास ठेवता येईल.

इतक्या लवकर मरण्यामागचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पत्त्यांची टक्कर. झेडइमेज (कर्नलची दाबलेली फाइल) उघडून ८०००८००० पासून बसतो आणि त्याच्या मागोमाग बीएसएस (सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांची जागा) येतो, जो कर्नल सुरू होताच शून्याने भरला जातो. या चिपच्या जुन्या यू-बूटमध्ये डीटीबी (डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनाची बांधलेली फाइल) ८०एफ८०००० वर ठेवत. मध्ये साडेपंधरा मेगाबाइटच्या आसपास जागा उरते. ४.१९ तीत मावत असेल, डीबगचे पर्याय भरलेला ६.१ मावेलच असं नाही. वाढत्या बीएसएसने डीटीबीवर शून्यं लिहिली की कर्नलला आपण कुठल्या बोर्डावर आहोत हेच कळत नाही. डीबग चालू केल्यावर आजार वाढतो, हे याचं ठळक लक्षण. यू-बूट एरवी डीटीबी उचलून वर नेतो, पण त्याच्या 'एफडीटी_हाय' या व्हेरिएबलमध्ये सगळे एफ भरलेले असतील तर तो हलवत नाही. ते बघा, आणि पत्ता ८८०००००० करा. अडकल्यानंतर रीसेट करून डीटीबीच्या जागेचे पहिले चार बाइट वाचले तर डी०, ०डी, एफई, ईडी दिसायला हवेत. तिथे शून्यं असतील तर शोध संपला.

माझा अंदाज विचाराल, तर मला तुमच्या डीटीबीचाच संशय आहे, पण वेगळ्या कारणाने. ६.१ साठी तुम्ही डीटीबी नव्याने बांधलात की जुनीच वापरताय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ४.१९ च्या काळात या चिपच्या मॉड्यूलांची क्लॉक आणि रीसेटची बरीच माहिती कर्नलच्या सी फायलींत होती. पुढे ती तिथून काढून डिव्हाइस ट्रीत नेली. जुन्या डीटीबीवर नवा कर्नल चालवला तर ती माहिती कुठूनच मिळत नाही, ड्रायव्हर क्लॉक बंद असलेल्या मॉड्यूलचं रजिस्टर वाचायला जातो आणि 'एक्सटर्नल अबॉर्ट ऑन नॉन-लाइनफेच (०एक्स१०२८)' अशी ओळ येते. ती दिसली की ड्रायव्हरचा सी कोड वाचत बसू नका, त्या मॉड्यूलचं क्लॉक कोण चालू करणार होतं ते शोधा. तुमची बोर्डाची डीटीएस फाइल (डीटीबीचा मूळ मजकूर) ६.१ च्या सोर्समधल्या डीटीएसआयवर (चिपच्या सामायिक वर्णनावर) नव्याने बसवा. जुनी डीटीएसआय सोबत ओढून आणू नका.

ऊप्स (कर्नलचा क्रॅश-अहवाल) हाती आला की 'पीसी इज ॲट' या ओळीतलं फंक्शन आणि ऑफसेट घेऊन 'एफॲड्र२लाइन' (त्यावरून सोर्समधली ओळ सांगणारी स्क्रिप्ट) चालवा, पण त्याच बिल्डमधल्या व्हीएमलिनक्सवर (न दाबलेल्या कर्नल फायलीवर) आणि डीबग माहितीसकट. मधे एकदा जरी मेक केलं असेल तरी ओळी सरकतात. फॉल्टचा पत्ता ००००००१० सारखा लहान असेल तर रिकाम्या पॉइंटरमधून स्ट्रक्चरचं एखादं फील्ड वाचलं गेलंय. हा धागा बहुधा एखाद्या न सापडलेल्या डीटी नोडपर्यंत जातो. ऊप्स न येता कर्नल नुसताच थिजला, तर 'इनिटकॉल_डीबग' द्या. जे फंक्शन सुरू झालं आणि परतलं नाही, तिथून शोध सुरू करा.

ट्रेसवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बोर्ड आला होता, याच चिपचा. जुना कर्नल सगळा वर यायचा आणि इनिट (युझरस्पेसमधला पहिला प्रोग्रॅम) सुरू होताच पॅनिक : 'अटेम्प्टेड टू किल इनिट', एक्झिटकोड ७. सात म्हणजे सिगबस, चुकीच्या मेमरी-वापराचा सिग्नल. आम्ही तीन दिवस रूट फाइलसिस्टिम पुन्हा पुन्हा बांधली, लायब्ररी बदलल्या. शेवटी वर 'इम्प्रिसाइज एक्सटर्नल अबॉर्ट' ही ओळ होती तिच्याकडे लक्ष गेलं. बूटलोडरमधल्या बोर्ड-इनिटच्या कोडने क्लॉक बंद असलेल्या मॉड्यूलवर एक शब्द लिहिला होता. तो अबॉर्ट मास्क असल्यामुळे (दाबून ठेवलेला असल्यामुळे) प्रलंबित राहिला आणि कर्नलने युझरस्पेसमध्ये पहिलं पाऊल टाकताच इनिटच्या डोक्यावर फुटला. बूटलोडरमधली ती एक ओळ काढली आणि बोर्ड बूट झाला. नवे कर्नल असा प्रलंबित अबॉर्ट लवकर पकडतात आणि फर्मवेअर किंवा बूटलोडरचा दोष असावा असं लॉगमध्ये स्पष्ट लिहितात. तशी ओळ दिसली तर ती शब्दशः खरी माना.

जेटॅग (चिपला बाहेरून थांबवून तपासण्याची जोडणी) असेल तर उत्तम : बोर्ड थांबवा आणि पीसी (चालू सूचनेचा पत्ता) वाचा. तो ८० ने सुरू होत असेल तर कर्नल एमएमयूच्या अलीकडे आहे, सी० ने सुरू होत असेल तर पलीकडे. पण तुमच्या प्रश्नात जेटॅगचा उल्लेख नाही आणि वरच्या कशालाही तो लागत नाही.

आता तीन गोष्टी कळवा : यू-बूटच्या 'प्रिंटएन्व्ह'चं संपूर्ण आउटपुट, 'स्टार्टिंग कर्नल'च्या वरच्या वीसेक ओळी (डीटीबी कुठे चढवली ते तिथेच छापलेलं असतं) आणि लॉग बफरमधून जे निघेल ते, अर्धवट असलं तरी चालेल. डीटीबी कधी बांधलेली आहे तेही लिहा.