पीसीओएस: गोळ्यांची पिशवी आणि सकाळची बशी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

स्त्रीरोग ओपीडीतलं आहारसल्ल्याचं टेबल आता तुझ्याकडे आलंय. पीसीओएसची, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमची, मुलगी समोर बसली की ती काय खाते हे विचारण्याआधी सगळ्या गोळ्या टेबलावर काढायला सांग. चिठ्ठीवरच्या, मैत्रिणीने सुचवलेल्या, ऑनलाइन मागवलेल्या, केसांसाठीच्या, अगदी प्रोटीन पावडरसुद्धा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिही: कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, कधीपर्यंत. तिसरा रकाना बहुधा कोराच राहील. कमतरता भरून काढायला दिलेली गोळी आजारावरचं औषध समजून वर्षानुवर्षं चालू राहते आणि पाळी मात्र अनियमितच राहते. ज्या गोळीचं कारण सापडत नाही, ती तू परस्पर बंद करू नकोस. डॉक्टरांपुढे ठेव.

मग निदान नीट वाच. नुसत्या सोनोग्राफीवर ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ लिहून आलं म्हणजे पीसीओएस झालं असं नाही. अनियमित पाळी, अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरकं) वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतलं चित्र (किंवा मोठ्या बाईत वाढलेलं एएमएच हे अंडाशयाचं संप्रेरक), या तिन्हींपैकी दोन लागतात, तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे कारणं वगळल्यावर. पाळी सुरू होऊन ८ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी धरायचीच नाही; तिथे पहिल्या दोन्ही गोष्टी हव्यात.

सगळ्यात जपायचं ते बारीक मुलींबाबत. वजन झपाट्याने उतरलंय, जेवण टाळलं जातंय, व्यायाम अती चाललाय आणि पाळी थांबलीय, अशा मुलीच्या सोनोग्राफीतही बारीक बारीक फॉलिकल्स (अंड्यांच्या पिशव्या) दिसू शकतात. तिची पाळी उपासमारीमुळे थांबलेली असते. तिला तू १२०० कॅलरींचा तक्ता दिलास तर पाळी आणखी लांबेल. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचं वजन, चुकवलेली जेवणं आणि खाल्ल्यावर वाटणारी अपराधीपणाची भावना, या तिन्ही गोष्टी विचार. आई शेजारी बसली असेल तर तिला दोन मिनिटं बाहेर बसवून विचार.

साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली चाचणी पहिल्या पसंतीची. फक्त एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणलं असेल तर हिमोग्लोबिन बघ, कारण लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटा वाढतो. मान आणि काखही बघ. तिथली काळी, मखमली जाडसर त्वचा इन्शुलिन जास्त असल्याची खूण असते, आणि मुली ती मळ समजून दगडाने घासत असतात. तेवढं घासणं थांबलं तरी तुझी पहिली भेट कामी आली म्हण. कारण चार वाक्यांत सांगता येतं: शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला अँड्रोजेन बनवायला लावतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि हनुवटीवर केस येतात.

आता बशीकडे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पीसीओएससाठी कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेला नाही. केटो, ग्लुटेनमुक्त, दूधबंद, सगळं विचारलं जाईल. गहू किंवा दूध सरसकट बंद करायला आधार नाही. उलट शाकाहारी मुलीचं दूध-दही तोडलंस तर कॅल्शियम आणि बी१२ दोन्ही घालवून बसशील.

माझं मत विचारशील तर हात घाल सकाळच्या नाश्त्यात. ६० ग्रॅम पोह्यांत प्रथिनं ४-५ ग्रॅम. ६० किलोच्या मुलीला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात, म्हणजे नाश्ता कोरडाच गेला. पोहे काढून घेऊ नकोस, दोन दिवसांत ती तुझा तक्ता फेकेल. पोहे थोडे कमी कर, त्यात मूठभर शेंगदाणे घाल (२५ ग्रॅमला ६ ग्रॅम प्रथिनं, पण कॅलरीही दीडशेच्या आसपास) आणि बाजूला वाटीभर दही दे. नाहीतर ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, त्यात १२ ग्रॅम मिळतात. खाणारी असेल तर दोन अंडी. दुपारी भाकरी की पोळी यावर वेळ घालवू नकोस. किती, आणि सोबत उसळ आहे का, हे विचार. चहा मात्र नक्की मोज: चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम गेली आणि कोणाच्या खिजगणतीतही नाही. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरण्यानेही पाळीत फरक दिसू शकतो. ८० किलोला ते चार किलो. हाच आकडा सांग, ‘आदर्श वजन’ सांगू नकोस. आठवड्याला १५० मिनिटं दमवणारं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे त्याच कागदावर लिही.

व्हिटॅमिन डी: तपासणी २५-हायड्रॉक्सीची हवी. २० नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरच्या खाली कमतरता. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर अडीचने भाग, नाहीतर ५० बघून ‘छान आहे’ म्हणशील, आणि ते असतात जेमतेम २०. नेहमीचा कोर्स ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. चूक ठरलेली: पाकिटं आठ मिळतात आणि मुलगी रोज एक संपवते, किंवा कोर्स संपल्यावर मेडिकलमधून तेच पुन्हा पुन्हा आणते. डी चरबीत साठतं. अती झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पुढे मूतखडा. म्हणून वार ठरवून दे आणि मोबाइलवर आठ तारखा लावून दे. गोळी उपाशीपोटी नको, तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घ्यायची. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. डी भरून निघालं की पाळी येईल असं मात्र कबूल करू नकोस.

बी१२ दोन कारणांनी पाहायचं: शाकाहार आणि मेटफॉर्मिन (इन्शुलिनला दाद वाढवणारी साखरेची गोळी). मेटफॉर्मिन आतड्यातलं बी१२ चं शोषण कमी करतं, म्हणून ते चालू असलेल्या मुलीचं वर्षातून एकदा तपासून घ्यावं, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर लगेच. तपासणीचं रक्त बी१२ चं इंजेक्शन-गोळी सुरू होण्याआधी काढलेलं हवं. नंतर काढलंस तर आकडा फुगलेला येतो. फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस एकटाच चालू असेल तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. मूल हवं असणाऱ्या बाईला ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून हवंच. जास्त द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

इनोसिटॉल या पीसीओएससाठी विकल्या जाणाऱ्या पूरक गोळीचं लेबल भिंग लावून वाच. अभ्यासांत बहुधा वापरलेलं प्रमाण दिवसाला ४ ग्रॅम मायो-इनोसिटॉल, २ ग्रॅम दोन वेळा, आणि सोबत डी-कायरो (इनोसिटॉलचाच दुसरा प्रकार) असेल तर मायो ४० ला डी-कायरो १. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांत मायो ५५० मिलिग्रॅम असतं. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे ११००, अभ्यासातल्या मात्रेच्या चौथाईच्या आसपास. काहींत डी-कायरो १५० असतं, तिथे प्रमाण ४० ला १ राहतच नाही. पुरावा मुळात बेताचा आहे: अपाय फारसा नाही, पण अंगावरचे केस किंवा वजन यावर खात्रीचा फायदाही नाही. महिन्याच्या खर्चाचा हिशेब तिच्यासमोर मांड आणि निर्णय तिचा तिला घेऊ दे.

केसांच्या गोळीतलं बायोटिन दुर्लक्षित राहतं. गरज दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅमची, गोळीत असतात दहा हजार. त्याने काही लॅबच्या पद्धतीत थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी, टी४ खोटं जास्त येतं. टेस्टोस्टेरॉनही फुगू शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवायला सांग. झिंक, क्रोमियम यांच्यासाठी मी कोणाला दुकानात पाठवणार नाही. बर्बेरिन (वनस्पतीतून काढलेलं पूरक) गर्भधारणेचा विचार असेल तर मुळीच नको. लोहाची गोळी चालू असेल तर चहा आणि कॅल्शियम तिच्यापासून दूर.

दोन गोष्टींत वाट पाहायची नाही. ९० दिवसांत पाळी आली नाही तर आहाराचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे पाठव. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं धोक्याचं. आणि वजन उतरलं किंवा मेटफॉर्मिन सुरू झालं की पाळीआधीच अंडं सुटू शकतं. ‘मला कुठे दिवस जातायत’ म्हणणाऱ्या मुलीला हे स्पष्ट सांग.

तुझी,
मॅडम

ता. क. श्रावण तोंडावर आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, प्रथिनं नावाला. उपवास सोड म्हणू नकोस. राजगिऱ्याची भाकरी, दही, किंवा भगर घेतलीच तर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, असं सुचव. मेटफॉर्मिन जेवणासोबत घेणाऱ्यांनी निर्जळी उपवासाला गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून प्रत्येकीच्या कागदावर लिहून ठेव.