नाशिकरोडला आमचा लॅब्रॅडोर पोटभर जेवूनही भाकरीसाठी मागे लागतो. असं का?

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ‘आता पुरे’ हा संदेश कमी पडत असावा. त्याला हावरट म्हणून रागावू नका. भुकेचा कारभार याच भागातून चालतो. १९५१ मध्ये आनंद आणि ब्रोबेक या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा दोन्हीकडचा बाहेरचा भाग निकामी केला, तर समोर अन्न असूनही ते खाईनात! लॅब्रॅडोरचं तर आणखी वेगळं आहे: केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं की साधारण चारांतल्या एकाच्या ‘पीओएमसी’ जनुकाचा तुकडा गळालेला असतो. तृप्तीचा संदेश बनतो तो याच जनुकामुळे. अशी कुत्री वजनानेही जड आणि खाण्यामागे जास्त. मात्र भूक अचानक वाढली असेल, पाणीही खूप पीत असेल, तर मधुमेहासाठी आधी रक्त तपासून घ्या.