वजन उतरले, पण जिना चढवेना

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे, उंची पाच फूट. मुले बाहेरगावी असल्यामुळे घरात मी आणि हे, असे दोघेच असतो. पाळी गेल्यापासून माझे वजन हळूहळू वाढत गेले आणि गेल्या दिवाळीत ७६ किलो झाले. मैत्रिणींचे ऐकून मी रात्रीचे जेवण पूर्ण बंद केले. सकाळी थोडे पोहे, दुपारी दोन फुलके, भाजी आणि पातळ वरणाची एक वाटी, दिवसातून दोनदा चहा आणि झोपताना कपभर दूध, एवढेच घेते. सोमवार, गुरुवार आणि एकादशीला उपास असतो, त्या दिवशी साबुदाण्याची उसळ किंवा भगर. चार महिन्यांत ६ किलो उतरले, सगळ्यांनी कौतुक केले. मग काटा हललाच नाही आणि मागच्या दोन महिन्यांत ३ किलो परत वाढले. आता देवघरात बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना जिन्यात थांबावे लागते. कधी कधी पहाटे घामाने अंग भिजते, छाती धडधडते आणि जाग येते. रक्तदाबाची गोळी आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेते. मुलगा म्हणतो, वजनाचे इंजेक्शन घेऊन टाक. मी आणखी काय कमी करू?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पहाटेच्या घामाबद्दल बोलणे भाग आहे, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवलात की नाही, याची त्याला पर्वा नसते. संध्याकाळची गोळी घ्यायची आणि रात्री जेवायचे नाही, असे झाले की पहाटेपर्यंत रक्तातली साखर खाली जाऊ शकते. घाम, धडधड, हातापायांना कंप ही त्याचीच लक्षणे असतात. पुन्हा तशी जाग आली तर घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि साखर वर आल्यावर थोडेसे खाऊन मगच झोपा. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे जा आणि बसल्या बसल्या पहिले वाक्य हेच सांगा की, मी रात्रीचे जेवण बंद केले आहे. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या गोळीची मात्राही कधी कधी कमी करावी लागते, म्हणून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, तेही सांगा. डॉक्टरांची भेट होईपर्यंत रात्रीचे जेवण आजपासूनच पुन्हा सुरू करा.

आता वजनाकडे वळू. जे ६ किलो उतरले, त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. उतारवयात नुसते खाणे तोडून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा असतो. प्रथिने अगदी तुटपुंजी असतील आणि स्नायूंना कामही नसेल तर त्याहून अधिक. परत आलेल्या ३ किलोंत मात्र स्नायू फारसे नसतात, कारण या वयात चरबी आपोआप साठते आणि स्नायू मेहनतीशिवाय बनत नाहीत. आजचे तुमचे ७३ किलो हे चढत्या काळातल्या ७३ किलोंपेक्षा वेगळे आहेत, आणि जिन्यात थांबावे लागते ते बहुधा त्याच फरकामुळे. तरीही थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी या निमित्ताने करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होत जाते आणि थकवा, पायांना मुंग्या अशा रूपात ते दिसते.

पाळी गेल्यावर शरीर सुस्तावते आणि मग काही उपाय चालत नाही, असे आपल्याकडे बायका एकमेकींना सांगत असतात. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर तो वर्षाला साधारण ०.७ टक्क्याने घटतो, असे त्यात दिसले. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटाभोवती साठू लागते, हे खरेच आहे. पण पन्नाशीत वजन वाढते, त्यात कमी झालेली हालचाल आणि घटत गेलेले स्नायू यांचा वाटा मोठा असतो. स्नायू या वयातही परत मिळवता येतात, म्हणून मला तुमच्या पत्राने निराश केले नाही.

तुम्ही लिहून पाठवलेल्या दिवसाचा हिशेब मी मांडून पाहिला. पोह्यांतून तीन-चार ग्रॅम प्रथिने, दोन फुलक्यांतून सहा, पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम तीन, भाजीतून दोन, चहा-दुधातून आठ-नऊ. सारे मिळून पंचवीसच्या आसपास. उपासाच्या दिवशी याहूनही कमी, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत आणि वृद्धांच्या आहाराचे अभ्यासक १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. तुमच्यासाठी दिवसाला ६० ग्रॅमच्या जवळ पोहोचणे योग्य ठरेल. एकच अट आहे : रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने आधी तपासून घ्या. मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे असते.

म्हणून, आणखी काय कमी करू, या प्रश्नाला माझे उत्तर असे की ताटात आधी भर घाला. वरण पळीतून धार पडेल असे पातळ असते, ते पळीवर थबकेल इतके घट्ट करा. तीस ग्रॅम डाळीच्या वाटीतून सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासाठी वेगळा पदार्थ करावा लागत नाही. सकाळी पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीची दोन धिरडी घ्या, किंवा अंडी चालत असतील तर दोन उकडलेली अंडी. पोहे करायचेच असतील त्या दिवशी तर्री सोडा आणि सोबत दही घ्या. चारच्या चहाबरोबर खारी किंवा बिस्किटे येत असतील तर त्या जागी मूठभर फुटाणे येऊ द्या. रात्री सातच्या आत मोड आलेल्या मटकीची, बरबटीची (चवळीची) किंवा मुगाची वाटीभर उसळ, एक लहान ज्वारीची भाकरी आणि ताक घ्या. हिवाळ्यात बाजारात सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, आले की ते भरपूर वापरा, मात्र आपल्याकडे सोल्यांच्या भाजीला तेलाचा जो तवंग सोडतात तो नको. आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या किंवा घरचे पनीर घेतले की साठचा आकडा दूर राहत नाही. उपास मोडा, असे मी सांगणार नाही, कारण तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण महिन्यात दहा दिवस साबुदाण्यावर काढणे तुमच्या साखरेला आणि स्नायूंना परवडणारे नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, पनीर आणि दाण्याची बेताची आमटी असा उपास करा, आणि उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

कमी करायचेच असेल तर तेल कमी करा. पत्रात तुम्ही तेलाबद्दल काहीच लिहिलेले नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणीही लिहीत नाहीत, कारण तेल ताटात वेगळे दिसत नाही. म्हणून मी महिन्याला किती लिटर लागते, हे विचारते. दोघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल तर माणशी दिवसाला ४५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४०० कॅलरी नुसत्या फोडणीतून आणि तळणीतून पोटात जातात. तेच दीड लिटरवर आणले तर रोजच्या २०० कॅलरी वाचतात आणि जेवणातला एक घासही कमी होत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला दीड लिटर वेगळे काढून ठेवा आणि तेवढ्यात महिना काढा. फोडणी भांडे वाकडे करून न घालता चहाच्या चमच्याने मोजून घाला. आपल्या हाताला किती तेलाची सवय झाली आहे, हे पहिल्याच दिवशी कळते आणि बऱ्याच जणींना त्याचा धक्का बसतो.

यापुढे काट्याइतकेच महत्त्व एका खुर्चीला द्या. हात नसलेली, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगा. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या स्त्रीला हे ११ वेळा जमायला हवे. त्याहून कमी आले तर पायांतली ताकद घटली आहे आणि पडण्याचा धोका वाढला आहे, असे समजतात. तुमचा आकडा पाच आला तरी घाबरू नका, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. हीच चाचणी तुमचा व्यायाम आहे : सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून, पाच वेळा उठणे-बसणे, दिवसातून दोनदा. जमू लागले की उशी काढा, मग संख्या वाढवा. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला तळवे टेकवून हाताने अंग मागे ढकलणे, लिटरभर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन त्या खांद्यापर्यंत उचलणे, हे एक दिवसाआड करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. पासष्टीच्या पुढच्यांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. चालायला तुम्हाला अंबाझरीचे उद्यान जवळ आहे. एप्रिलपासून मात्र उजाडताच निघून सातच्या आत घरी या, आणि पारा ४५ कडे झुकतो त्या दिवसांत घरातल्या घरात, कूलरच्या खोलीत दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारा.

मुलगा सांगतो ती इंजेक्शने, म्हणजे टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड, २०२५ पासून भारतात वजनासाठी वापरली जाऊ लागली आहेत. ती परिणामकारक आहेत आणि मधुमेहातही उपयोगी आहेत, त्यामुळे तुमच्या मुलाची सूचना मी चूक म्हणणार नाही. पण त्यांनी भूक मंदावते, आणि आधीच पंचवीस ग्रॅमवर जगणाऱ्या शरीराची भूक आणखी मंदावली तर स्नायूंचे नुकसान वाढेल. शिवाय ग्लिमेपिराइडसोबत साखर उतरण्याचा धोकाही वाढतो. आधी तीन महिने ताट आणि खुर्ची सांभाळा, मग मधुमेहतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

किती उतरवायचे, तेही ठरवून टाकू. लग्नातले वजन डोळ्यांपुढे ठेवू नका. सहा महिन्यांत तीन-चार किलो, तेही ताकद शाबूत ठेवून, एवढे पुरे आहे. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोजा. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगितली जाते. तुमचा घेर तिथे पोहोचेल की नाही, यापेक्षा तो दर महिन्याला थोडा कमी होतो का, हे पाहा.

प्रश्न : वय ६१, वजन ८२ किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. वजन कमी करायला चाला म्हणतात, चालले की गुडघे दुखतात. नेमके काय करावे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, हे २००५ मधल्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. त्यामुळे चार-पाच किलोही तुमच्यासाठी मोठे आहेत. सुरुवात चालण्यापासून करू नका. खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करा, मांडी आवळून पाच अंक मोजा, खाली ठेवा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन-चार आठवड्यांत मांडीचा स्नायू गुडघ्याला आधार देऊ लागतो. मग मऊ तळव्याच्या बुटांनी, रेशीमबागेसारख्या सपाट मैदानावर दहा मिनिटे चाला आणि दिवसातून दोनदा-तीनदा तसे करा. सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर सध्या जाऊ नका. चालून आल्यावर दुखणे तासाभरात शमत असेल तर चालण्याचे प्रमाण ठीक आहे. दुसऱ्या दिवशीही राहत असेल किंवा गुडघ्याला सूज येत असेल तर अंतर निम्मे करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जमिनीवर मांडी घालणे आणि उकिडवे बसणे काही महिने टाळा. आहाराबाबत वरच्या उत्तरातला तेलाचा हिशेब तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ आहे. काहीही न करता पाच महिन्यांत तिचे वजन ६४ वरून ५७ किलो झाले. नातेवाईक म्हणतात, बरे झाले, हलकी झाली. आईही खूश आहे. मला मात्र भीती वाटते.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तुमची भीती योग्य आहे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले तर त्याचे कारण शोधावेच लागते. आईंचे दहा टक्क्यांहून अधिक उतरले आहे. वाढलेली साखर, थायरॉईडचा अतिस्राव, क्षयरोग, पोटाचे किंवा आतड्याचे आजार, कर्करोग, काही औषधांमुळे मेलेली भूक, मनाची उदासी, इतकेच काय पण दुखणारे दात किंवा सैल झालेली कवळी, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि यांतल्या बहुतेकांवर वेळेत उपचार होतात. फिजिशियनकडे याच आठवड्यात न्या. जाताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या, जुने रिपोर्ट आणि जुन्या वजनाची कुठे नोंद असेल तर ती सोबत घ्या. ताप, खोकला, गिळताना अडकणे, शौचाच्या सवयीतला बदल आणि रात्रीचा घाम याबद्दल आईंना घरीच, निवांतपणे विचारून कागदावर लिहून ठेवा, कारण दवाखान्यात बसल्यावर त्या ‘मला काही होत नाही’ एवढेच सांगण्याची शक्यता आहे.