नव्या आशाताईस: बाळाच्या हालचालीबद्दल

प्रिय पोरी,

गरोदर बाईच्या घरी गेलीस की "बाळ हलतंय ना?" असं विचारू नकोस. सासू शेजारी बसलेली असते, ती "हो" म्हणून मोकळी होते. "काल रात्री जेवल्यावर कसं हलत होतं? आज सकाळपासून कसं आहे?" असं विचार. मग तिला आठवावं लागतं, आणि फरक पडला असेल तर तिथंच कळतो. बाळ पोटात दगावण्याआधी हालचाल मंदावल्याचं पुष्कळ आयांना जाणवलेलं असतं. तेव्हा कोणी मनावर घेतलेलं नसतं.

हालचाल साधारण 16 ते 24 आठवड्यांत कळू लागते, 32 पर्यंत वाढते आणि मग प्रसूतीपर्यंत टिकते. नवव्या महिन्यात जागा पुरत नाही म्हणून बाळ शांत होतं, ही समजूत साफ चुकीची आहे. लाथांऐवजी कूस बदलल्यासारखं वाटेल, पण हालचाल कमी होता कामा नये. प्रत्येक बाळाची तऱ्हा निराळी, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लावू नकोस. तिच्या बाळाचं रोजचं वागणं तिला ओळखू दे.

कमी वाटलं की त्याच दिवशी दवाखाना, मग मध्यरात्र का असेना. 102 किंवा 108 ला फोन लाव. गोड खाऊन वाट बघायची नाही, दर महिन्याच्या 9 तारखेच्या गरोदर तपासणी शिबिरापर्यंत तर मुळीच थांबायचं नाही. उपकेंद्रात डॉपलरवर, म्हणजे पोटावर ठेवायच्या यंत्रावर, बाळाचे ठोके ऐकू आले तरी निश्चिंत होऊ नकोस. बाळ त्या घडीला जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं. गुदमरतंय का ते कळत नाही. डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे.

बीपी 140/90 किंवा वर, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर रक्त जाणं, हिरवट पाणी जाणं: यातही थांबायचं नाही. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर, डावी-उजवी कुठलीही चालेल. जाग आल्यावर पाठीवर असली तर घाबरायचं कारण नाही, कूस बदलायची.

मिश्रीबद्दल आडून विचारू नकोस, सरळ विचार. ती तंबाखूच आहे आणि बाळाला घातक आहे, हे बऱ्याच बायकांना कोणी सांगितलेलंच नसतं. ऊसतोडीला जाणारी असेल तर माता-बाल कार्ड तिच्या पेटीत गेलं का ते स्वतः बघ, आणि कारखान्याच्या भागातल्या आशाताईचा नंबर त्यावर लिहून दे. शेवटच्या पाळीची तारीखही ठळक लिही. ती तारीख चुकीची पडली की दिवस उलटून गेलेले कळत नाहीत आणि 41 आठवड्यांपुढे धोका वाढत जातो.

इतकं करूनही एखाद्या घरी बाळ मेलेलं जन्मलं, तर तिथं जायचं टाळू नकोस. तिला दूध येईल, छाती दुखेल, ताप किंवा जास्त रक्तस्राव होऊ शकतो, आणि विचारायला कोणी नसेल. पुढच्या खेपेला पहिल्या 12 आठवड्यांत तिची नोंदणी कर आणि आधीचं बाळ गेल्याचं कार्डावर पहिल्याच ओळीत लिही.

तुझी,
गटप्रवर्तक ताई